परतीच्या वाटेचे मिस्त्री

मिस्त्रींच्या गळ्यात तार असायची. बोटाएवढी जाड, काळ्या रबराची, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे असलेली. लग्नाला गेले तरी ती गळ्यात आणि मयताला गेले तरी गळ्यातच. कुणी विचारलंच की मिस्त्री, इथे कशाला ही, तर ते उलट विचारायचे, "डाक्टर गळ्यात नळी घालून हिंडतो, त्याला इचारता का?" डॉक्टर लग्नात नळी घालून येत नाही, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. कारण तारेच्या वर मिशी होती.

तसली मिशी मी परत पाहिली नाही. मिस्त्री फौजेतून वायरिंगचं काम करून निवृत्त झालेले. मूळ गाव पाटणच्या बाजूला डोंगरात कुठेतरी, पण पेन्शन घेऊन उतरले ते थेट सांगलीत. कुपवाडच्या रस्त्याला एका चिंचेखाली लाकडाच्या चार मेढी रोवून त्यांनी पत्र्याचं छप्पर घातलं होतं. अंगात खाकी अर्धी चड्डी, पायात काही नाही. आणि दोन्ही गालांवरून मागे जाऊन कानांची चौकशी करणारी ती मिशी. तिला रोज सकाळी खोबरेल, आणि खोबरेल लावायला प्लग साफ करायचा ब्रश. नवा, हे सांगायला ते विसरत नसत.

मिशी नुसती शोभेची नव्हती, हत्यार होतं. इंजिन चालू करून मिस्त्री प्लगच्या वायरींवर वाकायचे आणि मिशी अशी हळूच फिरवायचे, देवावर मोरपीस फिरवावं तशी. कुठे करंट गळत असला की मिशी थरारते, असं त्यांचं म्हणणं. "मिल्ट्रीत इंग्रजी मीटर हुतं," ते सांगायचे, "पर मेजरसाब मीटर बगून झाल्यावर म्हनायचा, आता मूछवालेको बुलाव." मेजरसाहेब खरंच तसं म्हणायचे की नाही, देव जाणे. पण मिशी थरारलेली मी दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा वायर फाटकी निघाली.

मिस्त्रींचं सगळं शास्त्र एका शब्दात मावायचं. अर्थिंग. गाडी चालू होत नाही? अर्थिंग. चालू होते पण झटके देते? अर्थिंग. दिवे मिणमिणतात, हॉर्न घोगरा वाजतो, चढाला इंजिन मान टाकतं? अर्थिंग, अर्थिंग आणि अर्थिंग.

"करंट बॅटरीतनं जातो, त्याची वरात समदी बगत्यात," ते म्हणायचे. "लाल वायर, पिवळी वायर, लय कौतुक. पर त्यो परत कसा येतो, कोन इचारतं का? परत येतो त्यो गाडीच्या लोखंडातनं. त्या लोखंडाचा आन् इंजिनाचा सांधा सुटला, की गेलेला करंट घरला कसा येनार? सांगा की."

मग दाखला द्यायला ते उसाच्या रानात शिरायचे. "पाट तुंबला तर पानी काय बसून ऱ्हातंय व्हय? शेजाऱ्याच्या वांग्यात शिरतंय. मग भांडनं. तुमच्या गाडीत बी त्येच चाललंय. हॉर्नचं पानी वायपरच्या वांग्यात."

आणि मग ते गळ्यातली तार काढायचे. एक चिमटा इंजिनाला, एक बॅटरीला. म्हणजे करंटला परतीची एक उसनी वाट. तार लावल्याबरोबर गाडी सुरळीत चालली, तर खोट अर्थिंगमध्ये हे ठरलं. दहातल्या आठ गाड्या चालायच्या. उरलेल्या दोन गाड्या मिस्त्रींच्या मते खोटं बोलायच्या.

गाडीजवळ येताना गिऱ्हाइकानं चपला-बूट काढायचे, हा आणखी एक नेम. "मान्सानं जमिनीला चिकटून ऱ्हावं." एका वकिलाला त्यांनी भर उन्हात अनवाणी उभं केलं होतं. वकील एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता आणि मिस्त्री गाडीत डोकं घालून म्हणत होते, "बगा, आता कसं तुमचं बी अर्थिंग चालू झालं."

माणसांचे आजारही ते ह्याच हिशेबात बसवायचे. त्यांच्या छपराला लागून एक शाळा होती. तिथले हेडमास्तर चारनंतर पोरांवर नुसते आग पाखडायचे. मिस्त्रींनी आठवडाभर ऐकलं, आणि एक दिवस थेट मास्तरांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला सांगितलं, "बाई, मालक घरी आल्याव तुमी बोलत न्हाई का? परतीची वाट बंद हाय. गडी तापतोय." दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत हसतमुखानं आले. पुढचे तीन महिने त्यांनी मिस्त्रींकडे पाहून मान वळवली, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या ट्रकांना आणि टॅक्स्यांना पुढे लिंबू-मिरची बांधलेली असायची, नजर लागू नये म्हणून. मिस्त्री आधी ती खुडायचे. लिंबू ताजं असलं तर पिळून सरबत. शिळं असलं तर ड्रायव्हरच्या हातात देऊन म्हणायचे, "ह्यानं गाडी चालती तर माझ्याकडं कशाला आला? बाजारात जा." ड्रायव्हर लोक हळहळायचे, पण मिशीपुढे बोलायचे नाहीत.

आता माझं.

बाहत्तरचा दुष्काळ सरला होता आणि ज्याला त्याला विहीर खोल करायची घाई झाली होती. मी विहिरीवरची इंजिनं विकत होतो. सांगली, तासगाव, विटा, पार साताऱ्यापर्यंत गावोगाव हिंडायचं आणि शेतकऱ्यांना सांगायचं की आमचं इंजिन कसं एका हाताच्या हिसक्यात सुरू होतं. हिंडायला एक जुनी मोटार घेतली होती. तिचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता हे पुढे कळेलच.

तर ही मोटार गावात शिरायची ती खोकत. चौकात येऊन दोन गचके द्यायची आणि बंद पडायची. मी उतरून इंजिनाचं गुणगान सुरू केलं की पारावरचा एखादा म्हातारा मोटारीकडे बोट करून म्हणायचा, "आवं पावनं, तुमचंच इंजिन चालंना आन् आमाला इकताय व्हय?" सगळा पार हसायचा. त्या वर्षी मी जितकी इंजिनं विकली त्याहून जास्त वेळा मोटार ढकलली.

आणि तिच्या तऱ्हा तरी किती! हॉर्न दाबला की वायपर एकदा हलायचा. उजवीकडे वळायचा दिवा लावला की पुढचे दोन्ही दिवे डोळे मारायचे, त्यामुळे तासगावच्या बाजारात एका बाईनं मला चप्पल दाखवली. चोक ओढायला गेलं की बोटाला चटका बसायचा. दिवे लावले की इंजिन जीव सोडायचं.

मिस्त्रींकडे मी गेलो नाही. अनवाणी उभं राहायची लाज वाटायची, हे खरं कारण. त्यांच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे, दुसरा एक कारागीर होता. स्वच्छ पांढरा शर्ट, भांग पाडलेला, दारावर ठळक पाटी: 'येथे कार्बोरेटर खात्रीने करून मिळेल.' त्याला सगळे कार्बोरेटरवालाच म्हणायचे. त्याच्या मते जगातली प्रत्येक खोट कार्बोरेटरमध्ये असायची. मी तीनदा त्याच्याकडे गाडी नेली. तिन्ही वेळा त्यानं तो खोलला, फुंकला, पेट्रोलनं आंघोळ घातली. मोटार दोन दिवस बरी चालायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घरी मी आणि आई, दोघंच. आई औंधकडची. यमाईवर तिची भारी श्रद्धा. मोटार घेतली त्या दिवसापासून तिचं एकच मागणं होतं, एकदा मला यमाईला घेऊन जा. दोनदा आम्ही निघालो आणि दोन्ही वेळा विट्याच्या अलीकडून ट्रकला दोर बांधून परत आलो. दुसऱ्या वेळी आई मागच्या सीटवर बसून म्हणाली, "देवीच नगं म्हनतीया. न्हाईतर कुनाची तरी नजर लागलीया."

त्याच्या आधी, पावसाळ्यात, माझी मोटार एका बैलगाडीला धडकली होती. मला खरचटलंही नाही. पण आईनं ती बातमी ऐकली ती दळण दळून येताना, आणि पिठाचा डबा रस्त्यात सांडून पळत आली होती. तेव्हापासून ती दर शनिवारी गाडीच्या पुढे लिंबू-मिरची बांधायची. मी शिकलेला, यंत्रांचा विक्रेता. विट्याहून दोर बांधून आलो त्या संध्याकाळी मी संतापानं ते लिंबू तोडलं, गल्लीत भिरकावलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत ओरडलो, "असल्या अडाणीपणानं गाडी चालत नसते!" त्यानंतर गाडीच्या पुढे लिंबू दिसलं नाही. मला वाटलं, चला, सुधारली.

त्यानंतर मोटार आणखी बिघडली.

एका शनिवारी दुपारी मी चौथ्यांदा कार्बोरेटरवाल्याच्या दारात गचके देत थांबलो. मिस्त्री रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्यावर बशीत फुंकर घालत होते. तिथूनच ओरडले, "आर्थिंग!"

कार्बोरेटरवाला बाहेर आला. "न बगताच?"

"हॉर्न मारल्याव वायपर हालला. आंधळा बी सांगंल."

"मिस्त्री, तुमाला सर्दी झाली तरी आर्थिंग म्हनाल."

"आन् तू हागवनीला बी कार्बोरेटर खोलशील."

चहाच्या गाड्यावरची माणसं सरसावून बसली. बोलाचाली वाढत वाढत पैजेवर गेली. खोट अर्थिंगमध्ये निघाली तर कार्बोरेटरवाल्यानं दारावरची पाटी उतरवायची. नाही निघाली तर...

"मिशी," मिस्त्री म्हणाले. "पुरी. सगळ्यांम्होरं."

चहाच्या गाड्यावर कुणीतरी "आई गं" म्हणालं.

कार्बोरेटरवाला काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं अट घातली. "खोट चारचौघांत काढायची आन् हातात धरून दावायची. आदी येऊन खुडबूड करायची न्हाई. मागनं 'बोल्ट ढिला हुता' म्हनायचं न्हाई."

"कबूल. खोट हातात दावल्याबिगर मिस्त्री म्हनवून घ्यायचंच न्हाई मान्सानं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, माझ्या अंगणात हा कार्यक्रम ठरला. मला कुणी विचारलंही नाही.

रविवारी आठ वाजताच अंगण भरलं. कुपवाडच्या कारखान्यातले फिटर सुट्टी म्हणून सायकली घेऊन आले होते. हेडमास्तर आले होते, आणि ते मिस्त्री हरावेत म्हणूनच आले असावेत. कोपऱ्यावरचा न्हावी धोकटी काखेत मारून आधीच हजर. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एवढी माणसं कशाला जमली, म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "मिस्त्री गाडीतली खोट सगळ्यांसमोर बाहेर काढणार आहेत." आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, एवढ्या लोकांच्या चहाची काळजी.

मिस्त्री आले. मिशीला आज दुप्पट खोबरेल होतं. सगळ्यांचे जोडे काढायला लावले; अंगणात चपलांचा ढीग पडला. मला म्हणाले, "सायेब, सुरू करा." मी सुरू केली. मोटार खोकली, थुंकली, हॉर्नला वायपर हलला, दिव्यांनी डोळा मारला आणि बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता बगा," मिस्त्री म्हणाले. गळ्यातली तार त्यांनी काढून खांद्यावर टाकली. पण तार लावायच्या आधी एकदा हातानं सांधे चाचपायचे, ही त्यांची रीत. बॅटरीच्या मागे खाली, दिसत नाही अशा जागी, इंजिनाला गाडीच्या लोखंडाशी जोडणारी तांब्याची पट्टी असते. मिस्त्रींनी उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. डोळे मिटले. चेहऱ्यावर हसू आलं. रस्त्यापलीकडून पाहून पाहून ते हसू मी ओळखत होतो, खोट हाताला लागली की ते यायचं.

आणि मग हसू गेलं.

त्यांनी डोळे उघडले. हात आतच. त्यांची नजर अंगणावरून फिरत फिरत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबली. मी सहज तिकडे पाहिलं. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि ती मान हलवत होती. नाही, नाही, अशी. मला वाटलं, एवढ्या भल्या माणसाची मिशी जाऊ नये म्हणून तिचा जीव खालीवर होतोय.

मिस्त्रींचा हात बराच वेळ आत होता. दंडाचे स्नायू हलत होते. त्यांची बोटं म्हणजे नटबोल्ट आवळायचे पाने; त्यांनी बोटांनी आवळलेली चाकी सोडवायला लोकांना खरे पाने लागायचे. पण ते आत काय करताहेत ते कुणालाच कळेना.

"काय मिस्त्री, हात अडकला का?" कार्बोरेटरवाला म्हणाला. "काडा की खोट भाईर!"

मिस्त्रींनी हात बाहेर काढला. मूठ वळलेली होती. ती तशीच चड्डीच्या खिशात गेली, रिकामी होऊन बाहेर आली, आणि त्यांनी ती हवेत उघडून दाखवली.

"आर्थिंग बराबर हाय," ते म्हणाले. "कार्बोरेटर बगून घे."

सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी लोकांनी एवढा आ वासला नसता.

"तार तरी लावून बगा!" एक फिटर कळवळून म्हणाला.

"नगं." मिस्त्रींनी तार गुंडाळून पिशवीत टाकली. तार कामाला न लावताच मोकळा झालेला त्यांचा गळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

कार्बोरेटरवाल्यानं घाईघाईनं कार्बोरेटर खोलला, दोनदा फुंकला, लावला आणि मला म्हणाला, "मारा." मी किल्ली फिरवली. मोटार अशी सुरू झाली की मी स्वतः दचकलो. हॉर्न दाबला, नुसता हॉर्न वाजला. दिवे लावले, इंजिन हूं की चूं न करता चालत राहिलं. चोकाला चटका नाही. कार्बोरेटरवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

मग न्हाव्यानं धोकटी उघडली. मिस्त्री माझ्या पायरीवर मांडी घालून बसले, पाठ ताठ, जणू सलामी द्यायची आहे. "मिस्त्री, मला माफ करा," न्हावी म्हणाला. "कर रं, पर कानाला लावू नगंस," मिस्त्री म्हणाले. डावी बाजू पडली तेव्हा हेडमास्तरांनीसुद्धा तोंड फिरवलं. मी त्यांच्या अगदी जवळ उभा होतो. मला कशाचा तरी आंबूस वास आला, आणि त्यांच्या उजव्या हातावर चिरा पडून झोंबत असल्यासारखे ते तो हात सारखे चड्डीला पुसत होते. मी वास साबणाचा समजलो. माणूस शिकलेला असला की त्याला नाक असूनही उपयोग नसतो.

मिशीखालून जो माणूस निघाला तो आम्ही कुणी ओळखत नव्हतो. वरचा ओठ पांढराफटक, आणि चेहरा अगदी बिचारा. मिस्त्री उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आईकडे पाणी मागितलं. आईनं तांब्या दिला. ते दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. आईनं पदरानं डोळे पुसले, आणि मग त्यांच्या ओठाकडे बघून तोच पदर तोंडात कोंबून हसली.

पुढचे हाल मला नंतर कळले. मिस्त्री घरी गेले तर बायकोनं दार उघडून पाहिलं, "मालक घरी न्हाईत" म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्यांचं कुत्रं दोन दिवस त्यांच्यावर भुंकत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी छपराच्या मेढीवर खडूनं लिहिलं: 'मिशी येईपर्यंत प्लगची कामे बंद. फक्त हॉर्न व लाईट.' समोर कार्बोरेटरवाल्यानं पाटी नव्यानं रंगवून घेतली, पहिलीच्या दुप्पट.

सोमवारी मिस्त्रींनी निरोप धाडून माझी गाडी मागवली. मला चहा आणायला पिटाळलं, आणि परत येईपर्यंत बॉनेट लावून झालं होतं. "औंधला जावा आता," म्हणाले. मंगळवारी आम्ही निघालो. मिस्त्रींनाही घेऊन चल म्हणून आईनं हट्ट धरला होता, म्हणून तेही शेजारी बसले, गळ्यात पुन्हा तार, अनवाणी. विटा मागे पडलं. आईनं मागून हात जोडले. मोटार औंधात शिरली ती वाजत गाजत. देवीसमोर आई डोळे मिटून पुटपुटत होती. मी कान दिला. ती म्हणत होती, "आई, मिस्त्रीची मिशी लवकर यिऊ दे. माझ्यापायी गेलीया."

माझ्यापायी? मी विचारलं. आई म्हणाली, देवासमोर बोललेलं माणसानं ऐकू नये.

शनिवारी सकाळी आई घरात नव्हती. शेजारीण म्हणाली, टांग्यानं कुपवाडच्या रस्त्याला गेल्या. मी मोटार काढून मागोमाग गेलो. चिंचेखाली आई उभी होती, हातात लिंबू, मिरच्या आणि काळा दोरा. मिस्त्री तिच्यासमोर खाली मान घालून उभे होते, हेडमास्तरांसमोर उभं राहावं तसे.

"ह्या पत्र्याला बांधते," आई म्हणत होती.

"लोखंडाला न्हाई, आक्का. लोखंडाला लिंबू सोसत न्हाई. गाडीत बगितलंसा न्हवं काय झालं त्ये? ह्या लाकडाला बांदा."

मी तिथेच, मोटारीच्या दाराला धरून उभा राहिलो. आईनं मला पाहिलं. लपवायला आता काही राहिलं नव्हतं. मग तिनंच सांगितलं. बैलगाडीला धडकलो तेव्हापासूनच ती एक लिंबू गाडीच्या पुढे बांधायची आणि एक, कुणाला दिसणार नाही असं, आत; पुढचं मी गल्लीत फेकल्यावर सगळी भिस्त आतल्यावर. मी अंघोळीला गेलो की बॉनेट उघडायचं, बॅटरीच्या मागे हात घालायचा, आणि स्वयंपाकघरातल्या सांडशीनं तिथली चाकी सैल करून तिच्याखाली काळ्या दोऱ्याचे वेढे द्यायचे. वर मीठ लावलेलं लिंबू. दर शनिवारी नवं. गाडी बिघडली की तिला वाटायचं नजर जबर आहे, मग ती दोन लिंबं बांधायची. दोऱ्यानं सांधा तुटला होता आणि लिंबाच्या रसानं तांबं गंजून तो हिरवागार झाला होता. ती ज्या दिवशी जास्त घाबरायची त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी जास्त बंद पडायची.

"तू रोज जातोस त्यात," आई म्हणाली. "मला झोप लागत न्हवती. लिंबू बांदलं की लागायची."

मला फार लाज वाटली. गल्लीत ओरडलो होतो त्याची, आणि पायरीवर मिशी पडत असताना नुसता वास घेत उभा होतो त्याचीही. मी मिस्त्रींना म्हणालो, "अहो, पण तुम्ही जिंकला होता! लिंबाची मूठ तिथेच उघडली असती तर—"

"उघडली असती तर काय निगालं असतं?" ते म्हणाले. "चार गल्ल्यांची मानसं हुती. मिशी काय, येती परत. आक्का परत त्या अंगनात हुबी ऱ्हायली नसती." आणि मग जुन्या सुरात, "पर आर्थिंगच हुतं. हे तेवडं ध्यानात ठेवा."

आईनं लाकडाच्या मेढीला लिंबू बांधलं. "पन मिस्त्री, गाडी थितं आन् लिंबू हितं, लागू कसं हुनार?"

मिस्त्रींनी नसलेल्या मिशीवर हात फिरवला. "आक्का, नजर म्हंजे बी करंटच की. ती जमिनीत उतरली म्हंजे झालं. ही मेढ जमिनीत रवल्याली हाय. मी हितंच बसतो, ध्यान ठेवतो."

आईला हे एकदम पटलं. विज्ञानाची परीक्षा पास झालेल्या मलाही ते क्षणभर पटलं. त्यानंतर दर शनिवारी ती तिथे जात राहिली. नवं बांधायचं, जुनं उतरवायचं. ट्रकवाले ते लिंबू बघायचे, मग मिस्त्रींकडे बघायचे, पण मिस्त्री त्यांची लिंबं आता खुडत नसत. फक्त लोखंडावरून काढून लाकडावर बांधायला लावत. मेढीला एवढी लिंबं लोंबायला लागली की लांबून छप्पर झाडासारखं दिसे.

मिशी आली. पूर्वीएवढी नाही, पण थरारण्यापुरती आली. त्या आनंदात मी एका दुपारी पेढे घेऊन गेलो. मिस्त्रींनी मेढीवरचं आईचं गेल्या शनिवारचं लिंबू उतरवलं, मिरच्या बाजूला केल्या आणि दोन पेल्यांत पिळलं. "मीठ आदीच हाय," म्हणाले, "साखर तेवडी पडली की झालं." मी घोट घेतला. मिरचीचा असा ठसका बसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"मिस्त्री," मी खोकत म्हणालो, "ही माझीच नजर उतरवलेली ना? ती मलाच पाजताय?"

त्यांनी आपला पेला संपवला, मिशी पुसली आणि माझ्याकडे अगदी कीव केल्यासारखं पाहिलं.

"मग? निगालं तिथं परत जायला नगं? प्या गुमान. आन् आदी त्ये बूट काडा."